शेकडा तीनचं कर्ज फेडायला पीएफ काढू का?

प्रश्न: चाकणला सात वर्षं कंत्राटी कामगार आहे. आईच्या ऑपरेशनसाठी खासगी सावकाराकडून महिना शेकडा तीनने ९० हजार घेतले, त्याच्याकडे माझे दोन कोरे चेक आहेत. दोन वर्षं नुसतं व्याज भरतोय. पीएफमध्ये १ लाख ४६ हजार आहेत. एजंट म्हणतो, नोकरी सुटल्याचं दाखवून सगळे काढून देतो. काढू का? बायकोचं दोन तोळ्यांचं गंठण आहे, पण ते मोडायचं नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: शेवटचं आधी घेतो. तुमची पगाराची स्लिप आणि खर्चाची यादी दोनदा पाहिली. एकूण पगार २०,४००. पीएफ १,५६०, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) १५३, व्यवसाय कर २०० कापून हातात १८,४८७. खोलीभाडं ५,५००, किराणा-दूध-गॅस ६,८००, मुलीची शाळा आणि रिक्षा १,८००, वीज-मोबाइल ९००, व्याज २,७००. उरतात ७८७ रुपये. यात उधळपट्टी कुठे आहे? तुमचं काही चुकलेलं नाही, पगारच तोकडा आहे. त्याच लाइनवरच्या कायम कामगाराला तुमच्या दुपटीहून जास्त मिळतात, असं तुम्ही लिहिलंय. ती तफावत चहा सोडून भरून निघत नाही.

कर्ज मात्र आधी फिटलंच पाहिजे. दोन वर्षांत ६४,८०० रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी. पीएफवर सव्वाआठ टक्क्यांनी वर्षाला साधारण १२ हजार मिळतात, सावकार नेतो ३२,४००. एवढंच गणित असतं तर मी 'काढा' म्हणालो असतो.

पण हे एजंट पीएफ काढायच्या फॉर्म १९ सोबत पेन्शनचा फॉर्म १०-सी भरून तेही पैसे काढतात, आणि तुमची सात वर्षांची सेवा पुसली जाते. पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुमची तीनच राहिलीत. १३ हजार बेसिकवर ती महिन्याला १,८५० च्या आसपास बसेल. थोडी आहे, पण अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर तुम्हाला दुसरं कोण देणार आहे? शिवाय चालू नोकरी सुटली असं लिहून देणं हे सरळ खोटं आहे. त्यात पडू नका.

गंठण मोडू नका, गहाण ठेवा, तेही राष्ट्रीयीकृत बँकेतच. आजच्या भावाने त्यावर ९० हजार सहज मिळतील. दर १० टक्के धरला तरी पहिल्या महिन्याचं व्याज ७५० रुपये. सावकाराला जाणारे २,७०० बँकेत भरलेत, तर सव्वातीन वर्षांत गंठण घरी येईल. हप्ते थकले तर लिलाव होतो, हे वहिनींना स्पष्ट सांगा. दागिना त्यांचा आहे, शेवटचा शब्दही त्यांचाच. त्या नको म्हणाल्या तर पतसंस्थेचं चौदा टक्क्यांचं कर्जही सावकारापेक्षा कितीतरी बरं.

एका गोष्टीचं मात्र फार वाईट वाटलं. दर महिन्याला ईएसआयसीचे १५३ रुपये कापले जात होते. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईचे उपचारही त्यात बसतात. कार्डावर त्यांचं नाव आहे का, हे याच आठवड्यात पाहा. आणि ओव्हरटाइम तुम्हाला साध्या दराने मिळतो म्हणता. जादा कामाला दुप्पट दर, हा कायदा १९४८ पासून आहे. एकट्याने भांडू नका, चार-पाच जण मिळून कामगार आयुक्तालयात लेखी अर्ज द्या. त्यातून महिन्याला दीड हजार वाढले आणि तेही बँकेत भरलेत, तर कर्ज दोन वर्षांत संपेल.

सावकाराला पैसे द्यायला एकटे जाऊ नका. खात्यातूनच रक्कम द्या, 'पूर्ण फेड' असं लिहून घ्या आणि दोन्ही कोरे चेक हातात आल्याशिवाय उठू नका. त्याने टाळाटाळ केली तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करा. सावकारीला परवाना लागतो, आणि परवाना असला तरी ३६ टक्के घेता येत नाहीत.