दोन मिनिटं चालणारं घड्याळ

प्रश्न : आजोबांच्या १९६० सालच्या शेव्हरोले इम्पालातलं डॅशबोर्डवरचं घड्याळ बॅटरी जोडली की ‘टक्’ करतं, दोन मिनिटं चालतं आणि बंद पडतं. आत क्वार्ट्झचं मशीन बसवू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अहो, थांबा! या घड्याळाला वीज फक्त चावी देते. चालवते ती स्प्रिंग. ती उतरली की दोन पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी धातूची टोकं, एकमेकांना टेकतात आणि कॉइल, म्हणजे विजेवर चालणारं तारेचं चुंबक, झटका मारून तिला पुन्हा ताणते. ते ‘टक्’ म्हणजे हाच झटका. तुमचे पॉइंट काळे पडले असणार. बॅटरीची वायर काढा, पॉइंटमधून बारीक पॉलिश पेपर फिरवा. तेल घड्याळाचंच, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं. मी एकदा शिलाई मशीनचं ओतलं होतं. नाशिकच्या थंडीत काटे हललेच नाहीत. आणि बॅटरी उतरू देऊ नका, पॉइंट चिकटून कॉइल जळते.