वॉल्टर आवडतोय म्हणून घाबरू नको

भावा, पहिल्यांदाच ब्रेकिंग बॅड ही सिरीज बघतोयस तर एक सांगतो, तिच्यातला ड्रग्ज बनवणारा वॉल्टर आवडायला लागला म्हणून स्वतःला वाईट समजू नको, आम्ही पण रंकाळ्यावर भेळ खात त्याची बाजू घेऊन लई भांडलोय. केमिस्ट्रीचा मास्तर, त्यात कॅन्सर, घरात पैशाची ओढाताण, म्हटल्यावर आपण त्याच्याकडनं होतोच की. पण पहिल्या सीझनचा पाचवा एपिसोड नीट बघ. जुने पार्टनर नोकरी देतायत, उपचाराचा खर्च पण करतो म्हणतायत आणि हा गडी नको म्हणतो! तिथंच कळतंय की पैसा नुसतं निमित्त, खरं दुखणं अहंकाराचं आहे. आणि तो अहंकार आपल्या ओळखीचा आहे रे, भावकीकडनं पैसे घ्यायला कोण तयार असतंय सांग (आमचे काका तर मेले तरी घेणार न्हाईत). म्हणून तो आवडतो, नुसता डेंजर आहे म्हणून नव्हं.

एकूण 62 एपिसोड आहेत, रोज दोन बास. आणि वॉल्टरच्या बायकोला, स्कायलरला शिव्या घालायच्या आधी तिच्या जागी आपली बहीण ठेवून बघ जरा, मी दुसऱ्यांदा बघताना तसं केलं तर माझी बाजूच फिरली. रीकॅपचे व्हिडिओ आत्ताच लावू नको, सगळा विचका होतोय.