ऑटिझमच्या डायग्नोसिसनंतर सगळंच जास्त टोचतंय?
ऑटिझम वाढलाबिढला नाहीये रे, इतकी वर्षं मिक्सरची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, कॉलरचं लेबल सगळं दाबून नॉर्मल दाखवत होतास, आता कारण कळल्यावर लक्ष तिकडे जातंय आणि मास्किंगही (हे नॉर्मल दाखवणं) सुटतंय. असा सेन्सरी (आवाज, स्पर्श वगैरेंचा) त्रास २०१३ पासून डीएसएम-५ च्या (मानसिक निदानाचं अमेरिकन मॅन्युअल) ऑटिझमच्या निकषांतच आहे, नाटक करतोस म्हणणाऱ्यांना सोड. उलटंही होतं, भूक-तहान उशिरा कळते, मग सरळ जेवायचा अलार्म लाव. आवाज ऐकून रंग दिसणं पण ऑटिस्टिक लोकांत जास्त आढळतं (मला तर आवडतं ते). गणपतीत ढोल सुरू व्हायच्या आधीच इअरप्लग घाल, डोकं बधिर झाल्यावर काय उपयोग. फक्त कोणी नसताना बोलणं ऐकू आलं, कोणी पाळत ठेवतंय असं वाटलं तर ते ऑटिझमच्या खात्यात टाकू नकोस, लगेच सायकियाट्रिस्टला दाखव.