गुप्त डेटिंग ॲप: पैसे भरण्याआधी काय तपासाल?

प्रश्न : विवाहितांसाठीच्या एका ‘डिस्क्रीट’ ॲपवर खातं उघडलं. फोटोही टाकला नाही, तरी तासाभरात सात-आठ जणींचे मेसेज आले. वाचायचे तर क्रेडिट विकत घ्या म्हणतात. साइटवर सुरक्षेचं पदक झळकतंय. पैसे भरू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात नको. कोऱ्या प्रोफाइलवर तासाभरात आठ मेसेज येत असतील तर पलीकडे बहुधा बॉट (आपोआप मेसेज पाठवणारा प्रोग्राम) आहे, नाहीतर पगारी माणूस. मेसेजमागे पैसे घेणाऱ्या ॲपचा फायदा तुमच्या गप्पा लांबण्यात असतो, भेट होण्यात नसतो. समोरच्या फोटोवर गूगल लेन्स फिरवा, तोच फोटो दुसरीकडे दिसतो का बघा. मग उत्तर ठरलेलं नसेल असं काही विचारा आणि ॲपमधूनच दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला.

पदकावर तर मुळीच जाऊ नका. कॅनडातल्या ‘ॲशली मॅडिसन’ या विवाहितांच्या डेटिंग साइटवरही असंच पदक होतं. 2015 च्या जुलैत हॅकरांनी ती साइट फोडली, ऑगस्टमध्ये कोट्यवधी खात्यांची माहिती इंटरनेटवर ओतली आणि चौकशीत कळलं की पदक कंपनीनेच बनवलं होतं. बायकांची बनावट प्रोफाइलंही निघाली. खातं ‘पूर्ण पुसायचे’ 19 डॉलर घेतले जायचे. ते भरणाऱ्यांचीही माहिती सर्व्हरवर तशीच सापडली.

तिथलीच एक चूक तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. ‘पासवर्ड विसरलात?’ वर आधी खातं नसलेला ईमेल टाका, मग स्वतःचा. दोन्ही वेळा पडद्यावर हुबेहूब एकच उत्तर यायला हवं. जरा जरी फरक दिसला, तर तुमचा ईमेल माहीत असलेल्या कुणालाही तुमचं खातं आहे की नाही ते कळणार. अशा ॲपसाठी नेहमीचा ईमेल वापरूच नये. फेसबुक किंवा गूगलने लॉगिन नको, कॉन्टॅक्ट्सची परवानगी नको, आणि लिंकवरून उतरवलेली एपीके (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची) फाइल तर अजिबात नको. प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सेफ्टी’ हा भाग ॲपवालेच भरतात, तेव्हा तो वाचा पण प्रमाणपत्र समजू नका.

प्रश्न : खरी व्यक्ती आहे हे सिद्ध करायला ॲप सेल्फी आणि आधार मागतं. द्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सेल्फीवर भागत असेल तर विचार करा, आधार देऊ नका. अमेरिकेतल्या ‘टी’ या बायकांच्या ॲपमधून 2025 च्या जुलैत सुमारे 72 हजार चित्रं फुटली. त्यांत 13 हजारांच्या आसपास पडताळणीचे सेल्फी आणि ओळखपत्रं होती.

प्रश्न : मी गे आहे, घरी माहीत नाही. ॲप ‘400 मीटर दूर’ असं दाखवतं. कुणी पत्ता काढेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढू शकतो. तीन वेगळ्या जागांवरून तुमचं अंतर बघायचं, नकाशावर तेवढ्या त्रिज्येची तीन वर्तुळं काढायची. ती छेदतात तिथे तुम्ही. शोधणाऱ्याला स्वतःचं लोकेशन खोटं दाखवून हे घरी बसूनही जमतं. सेटिंगमध्ये अंतर लपवा, फोनमध्ये ‘अचूक लोकेशन’ बंद करा आणि घरी असताना ॲप उघडूच नका. नुसतं अंतर लपवणं पुरत नाही, कारण यादी जवळून लांब अशी लागत असेल तर क्रमावरूनही अंदाज येतो.

पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी, तुम्ही निवडलेल्या. खोलीवर बोलावून लुटणाऱ्या टोळ्या आहेत. तसं झालंच, तर तक्रार करायला कचरू नका. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा नाहीत.

प्रश्न : व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून दहा हजार मागतायत. ॲप काढून टाकलं, तरी मेसेज येतायत. – नाव दिलेलं नाही

उत्तर : एक रुपयाही देऊ नका, दिलात की आकडा वाढतो. चॅट, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, मगच ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, कारण पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते अडवता येतात. व्हिडिओ किंवा फोटो तुमच्याकडे असेल तर खासगी फोटो-व्हिडिओ संमतीशिवाय पसरू नयेत म्हणून असलेल्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या साइटवर त्याचा डिजिटल ठसा नोंदवा. मूळ फाइल फोनमध्येच राहते. ठसा जुळला की सहभागी कंपन्या ती चढवू देत नाहीत.

ॲप काढल्याने खातं जात नाही, वर्गणीही थांबत नाही. पुरावे घेऊन झाले की प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मधून वर्गणी रद्द करा, आतले फोटो पुसा, मग खातं डिलीट करा. ॲप सर्वांत शेवटी काढायचं. आणि पैसे प्ले स्टोअरच्या फॅमिली पेमेंटमधून गेले असतील, तर पावती कुटुंबप्रमुखाच्या ईमेलवर गेलेली असेल.