विद्यापीठातील अध्यापन आणि लहान मूल, ही दोन्ही एकाच वेळी कशी सांभाळता येतात?

आपण लिहिले आहे की पुढच्या जूनमध्ये सहायक प्राध्यापक म्हणून रुजू व्हायचे आहे, घरी दीड वर्षाची मुलगी आहे, आणि "प्राध्यापकांना काय, दिवसाला दोन-तीन तास" असे जो तो सांगतो; ते खरे मानून निश्चिंत राहावे का, हा आपला प्रश्न. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आणि माझा मुलगा येत्या दिवाळीत तीन वर्षांचा होईल. निश्चिंत राहू नका. मात्र ओढाताण होते ती तासिकांमुळे नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते, आणि एकूण कामाचा आठवडा ४० तासांचा धरलेला आहे. ते १६ तास सर्वांत सोपे, कारण ते वेळापत्रकात छापलेले असतात आणि त्या वेळेत आपल्याला कोणी हाक मारत नाही. उरलेले काम, म्हणजे प्रश्नपत्रिका काढणे, प्रात्यक्षिकांच्या जर्नल तपासणे, संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची प्रकरणे वाचणे, नॅकच्या (विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइली, प्रवेशसमिती, हे कोणत्याही घंटेला बांधलेले नसते, म्हणून ते मुकाट्याने घरी येते. "घरून करता येते" या वाक्याचा अर्थ आपल्या घरांत "घर सांभाळत करता येते" असा लावला जातो, आणि पहिले वर्षभर मी स्वतःही तसाच लावला.

तेव्हा मी दोन वाजता विभागातून निघत असे, कारण तोवर सासूबाई मुलाला पाहत आणि त्यापुढे त्यांना थांबवणे मला प्रशस्त वाटत नसे. दुपारी लॅपटॉप उघडला की मुलगा दोन्ही हातांनी त्याचे झाकण लोटून "बंद" म्हणे आणि मी बंद करी. मग खरे काम रात्री दहानंतर सुरू होई. अशाच एका रात्री मी एका पेपरचे अंतर्गत गुण दुसऱ्या पेपरसमोर भरले आणि ते सकाळी लक्षात येईपर्यंत पोर्टल बंद झालेले होते. विभागप्रमुखांमार्फत परीक्षा विभागाला दिलगिरीचे पत्र द्यावे लागले, आणि त्या पत्रात कारण काय लिहावे याचा विचार करताना मला पहिल्यांदा कळले की मी दोन नोकऱ्या एकाच खुर्चीवर बसून करत होते.

त्यानंतर मी उलट केले. आता साडेपाचपर्यंत विभागातच थांबते, दार लोटून तपासणी तिथेच संपवते आणि गठ्ठे घरी नेत नाही. मुलगा दुपारी पाळणाघरात असतो, आणि तो तिथल्या मावशींकडे माझ्याकडच्यापेक्षा जास्त भाजी खातो, हे मी आता मनाला लावून घेत नाही. सासूबाई मंगळवारी आणि गुरुवारी त्याला आणतात, तेही त्यांनीच निवडलेले वार. परीक्षेच्या हंगामात, कॅप सेंटरवर, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, उत्तरपत्रिका तपासायला जावे लागते त्या दिवसांत, हे गणित दरवेळी बिघडते आणि दरवेळी नव्याने मांडावे लागते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

रजेविषयी रुजू होण्यापूर्वीच आस्थापना विभागात विचारा. आयोगाच्या नियमावलीत महिला शिक्षकांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजेची तरतूद आहे, परंतु महाराष्ट्र शासनाच्या २०१८ च्या निर्णयात ती १८० दिवस आहे, आणि राज्य विद्यापीठात आपल्याला दुसरा आकडाच ऐकवला जाईल. त्याच निर्णयात पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. निरोगी बायको असलेल्या बापाने मूल सांभाळावे, हे बहुधा कोणाला सुचलेच नसावे. आपली नेमणूक तासिका तत्त्वावर असेल तर मात्र हा सगळा परिच्छेद व्यर्थ आहे, कारण तिथे घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. म्हणून नेमणुकीचा आदेश आधी नीट वाचा.

संशोधन मंदावेल. माझा दोन वर्षांत एकच शोधनिबंध झाला, आणि पदोन्नतीसाठी लागणारा २१ दिवसांचा ओरिएंटेशन वर्ग मी ऑनलाइन, घरून केला, जी पुन्हा तीच चूक होती: कॅमेरा बंद, मांडीवर मूल, आणि ऐकलेले काहीच लक्षात नाही. आपण तो करताना विभागातल्या खोलीत बसून करा.

पाळणाघराच्या अर्जावर तातडीच्या वेळी कोणाला फोन करावा, असा एक रकाना असतो. त्यात मी सवयीने स्वतःचा क्रमांक पहिला लिहिला होता, आणि ताप आला की फोन नेमका तासावर असताना येई. फळ्यावरची अर्धी सिद्धता तशीच ठेवून मी दोनदा वर्ग सोडला आहे. माझे यजमान बँकेत आहेत आणि त्यांची शाखा पाळणाघरापासून दहा मिनिटांवर आहे. गेल्या वर्षी मी तो अर्ज मागून घेतला आणि त्यांचा क्रमांक वर लिहिला. पहिला फोन आला तेव्हा त्यांनी मला विचारले, "औषध कोणते द्यायचे?" दुसऱ्या वेळी विचारले नाही.