पहिल्यांदाच प्रश्नमंजूषा घेणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या आपल्या गणेश मंडळात जुन्या मालिकांची प्रश्नमंजूषा प्रथमच घेणार असाल, तर नुसती सनावळी विचारण्याचा मोह टाळावा. ओळख पायरीपायरीने उलगडावी: ‘मला चेहरा नाही, तरी कथा मीच सांगतो’ एवढे म्हणून थांबावे, मग आवाज हरीश भिमाणी यांचा असल्याचे सांगावे, आणि २ ऑक्टोबर १९८८ ही ‘महाभारत’ सुरू झाल्याची तारीख अगदी शेवटी द्यावी, म्हणजे ‘समय’ हे उत्तर मागे चादर अंथरून बसलेल्या आजींकडूनही येते. ‘चिमणराव’मधल्या गुंड्याभाऊंची, अर्थात बाळ कर्वे यांची, आठवण ज्येष्ठांसाठी राखून ठेवावी. उत्तरे मात्र दोनदा पडताळावीत. माझ्या एका चुकीवरून अर्धा तास हुज्जत चालली आणि प्रसादाचा शिरा गार झाला.