वादळ-पुरासाठी घरात पिण्याचं पाणी किती आणि कसं साठवून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याचं घर बंद करून दापोलीजवळ गावी कायमचे राहायला आलात, घरात चार माणसं आहेत, त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आई, आणि पावसाळ्याआधी हजार लिटरची टाकी बसवावी का, असा विचार चाललाय. टाकीचं नंतर बघू. आधी तुमच्या विहिरीवर रहाट शाबूत आहे का, दोर आणि पोहरा घरात आहे का, ते बघा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाचं काम केलंय. विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, टाकायची, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे त्यात क्लोरीन उरलंय का याची थेंब टाकून तपासणी, करायची, नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, हे ते काम. त्यामुळे पाण्याकडे बघायची माझी नजर जरा संशयी आहे, ते गृहीत धरून वाचा.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि मे महिन्यात त्याच गावात टँकरची वाट बघावी लागते, कारण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. पण तुम्ही विचारताय ती आणीबाणी वेगळी. तिच्यात पाणी असतं. ते वर येत नाही, नाहीतर वर येतं ते पिण्यासारखं नसतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि तुमचा दापोली तालुका, मंडणगड, सगळं झोडपून गेलं. खांब आडवे, तारा तुटलेल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. जूनच्या सुरुवातीला विहिरींचं पाणी तळाला असतं. मोटर आल्यापासून बऱ्याच घरांनी रहाट काढून टाकले होते, कठड्यावर पत्रा ठोकला होता. पाणी डोळ्यांना दिसतंय आणि काढता येत नाही, अशी गत झाली. ज्यांच्या माळ्यावर जुना दोर नि पोहरा पडून होता त्यांच्या विहिरीवर अख्खी वाडी आली. बोअरवाल्यांचे हाल तर विचारू नका, सबमर्सिबल पंप विजेशिवाय म्हणजे नुसता पाइप. दोन-चार दिवसांनी दुसरंच सुरू झालं. विहिरीत पडलेला पाला कुजायला लागला आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. अशा पाण्यात क्लोरीन टाकलं तरी टिकत नाही. ओटीचे थेंब टाकल्यावर नळीतलं पाणी पिवळं व्हायला हवं, ते होईच ना. पाल्यानेच सगळं क्लोरीन खाल्लेलं.

चिपळूणला पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, उलटा प्रकार. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले. खाली ठेवलेले जार, पिंपं, भरलेल्या टाक्या, सगळं चिखलात. म्हणून खाडीच्या किंवा नदीच्या काठी घर असेल तर साठा माळ्यावर ठेवा, वरच्या मजल्यावर ठेवा, पण जमिनीवर नको. तुमचं घर डोंगराच्या कुशीत असेल तर पुराची भीती कमी, पण रस्त्यावर दरड येते आणि टँकर किंवा जारची गाडी वाडीपर्यंत पोचत नाही. तेही हिशेबात धरा.

आता किती. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ४ लिटर धरा. घाम फार येत असेल, कोणी आजारी असेल किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर थोडं वाढवा. तीन दिवसांचा साठा ठेवावा असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. निसर्गनंतर मी तरी तीन दिवसांवर विश्वास ठेवत नाही. सात दिवस धरा : चार माणसं, ४ लिटर, ७ दिवस म्हणजे ११२ लिटर. एवढं पाणी उत्तम दर्जाचं, झाकलेलं, हात न लागलेलं असू द्या. भांडी-धुणी-संडासचं पाणी यात धरलेलं नाही, ते वेगळ्या पिंपात. पावसात पन्हळीखाली पिंप लावलं तर वापरायचं पाणी तासाभरात भरतं. पागोळीचं पाणी प्यायला धरायची वेळ आली तर सुरुवातीचं पाणी सोडून द्या, कौलांवरचं शेवाळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच येते. मागचं धरा, आणि तेही उकळूनच प्या.

हे ११२ लिटर २० लिटरच्या जारमध्ये भरू नका. २० लिटर म्हणजे २० किलो, आणि अडचणीच्या वेळी घरात नेमक्या आईच एकट्या असतात. ५ आणि १० लिटरचे नवे, खाण्याच्या वस्तूंसाठीचे कॅन घ्या, अरुंद तोंडाचे, शक्यतो तोटीवाले. रुंद तोंडाच्या हंड्यात दिवसातून दहा वेळा कोणीतरी तांब्या बुडवतं, बोटांसकट. पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच. हंडा-कळशीच वापरायची असेल तर ओगराळं, म्हणजे लांब दांड्याचा डाव, ठेवा आणि ते खिळ्याला टांगा, खाली ठेवू नका. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या निळ्या पिंपांत आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, ती पिण्याच्या पाण्याला अजिबात घेऊ नका, कितीही घासली तरी. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट : आंब्याच्या फवारणीची औषधं, रॉकेल, पेट्रोल जिथे ठेवता त्या पडवीत पाण्याचे कॅन ठेवू नका. प्लॅस्टिकमधून वास आत जातो. ऊनही लागू देऊ नका, हिरवं शेवाळ धरतं.

भरण्याआधी कॅन साबणाने घासून, नीट विसळून घ्या. मग क्लोरीनचं जरा कडक पाणी आत घालून हलवा, सगळीकडे लागू द्या, ओतून टाका आणि पुन्हा विसळा. नळाला क्लोरीन टाकलेलं पाणी येत असेल तर तेच भरा. घरी आरओ असेल तर ते पाणी जास्त शुद्ध म्हणून साठवायचा मोह होतो, पण आरओमधून क्लोरीनही निघून जातं. पुढे बारीकशी घाण आत गेली तर तिला आवरायला त्यात काहीच उरत नाही. ते भरायचंच तर मेडिक्लोरचे, म्हणजे पाण्यात घालायच्या क्लोरीनच्या द्रावणाचे, थेंब घालून भरा. मेडिक्लोर आणि क्लोरीनच्या गोळ्या उपकेंद्रात आशाताईंकडे विचारा, औषधाच्या दुकानातही चौकशी करा. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, कोणती किती लिटरला ते पाकिटावर वाचून घ्या. अंदाजपंचे नको. संडास धुवायचं वासाचं ब्लीच यासाठी चालत नाही.

साठा संपला आणि विहिरीचं गढूळ पाणी वापरायची पाळी आली, तर क्रम चुकवू नका. आधी चौपदरी सुती कापडातून गाळा. मग तुरटी फिरवून ठेवून द्या, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा. त्यानंतर क्लोरीन, आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यातच थेट क्लोरीन टाकलं तर ते चिखलातच संपतं. तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू मरत नाहीत, हे आमच्याकडे कितीतरी जणांना पटवावं लागलं. तांब्याच्या हंड्याचंही तसंच : रात्रभर ठेवल्याने थोडा उपयोग होतो, पण पुराच्या पाण्याला त्याच्या भरवशावर राहू नये. उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, वीस-वीस मिनिटं गॅस जाळू नका, सिलिंडरही तेवढाच आहे. चूल असेल तर थोडी सुकी लाकडं पावसाळ्याआधी आत घेऊन ठेवा. मात्र पाण्याला डिझेलचा किंवा औषधाचा वास येत असेल तर उकळून, क्लोरीन घालून काही होत नाही, ते टाकूनच द्या. खाडीकाठी विहीर मचूळ झाली तरी तेच. उकळल्याने क्षार जात नाहीत, पाणी आटलं की वाढतातच.

तुमची स्वतःची विहीर असेल तर टीसीएलचा हिशेब कळलेला बरा. ताज्या, चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला २.५ ग्रॅम. गोल विहीर ३ मीटर रुंद आणि पाणी २ मीटर असेल तर पाणी साधारण १४ हजार लिटर होतं, म्हणजे पावडर ३५ ग्रॅम. ती थेट विहिरीत भिरकावायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवायचं, पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची, बादली दोराने पाण्याखाली सोडायची आणि वरखाली हलवायची. तासभर पाणी काढायचं नाही. चुन्याचा गाळ विहिरीत जाऊ देऊ नका. पावडरीची पिशवी उघडी राहिली की तिची ताकद जाते. गेल्या वर्षीची उरलेली पावडर वापरून काम झालं असं समजणारे खूप. आणि पूर शिरलेल्या विहिरीला ३५ ग्रॅमचा हिशेब लावू नका. तिचा आधी उपसा करायचा, कठडा-पायऱ्या घासायच्या, मग जलसुरक्षकाला बोलावून डोस ठरवायचा आणि नमुना तपासून आल्यावरच पाणी प्यायचं. तोवर उकळूनच.

साठा बदलायचा कधी, याचं वेळापत्रक मी सणांवर लावलंय, म्हणजे विसरत नाही. मेच्या मध्यावर पहिला साठा भरायचा. तौक्ते वादळ २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच किनाऱ्याजवळून गेलं, त्यामुळे मृगाची वाट बघू नका. गणपतीत मुंबईची मंडळी आली की तेच पाणी वापरून संपवायचं, कॅन धुऊन पुन्हा भरायचे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचे. पाऊस गेला म्हणजे वादळ गेलं असं नसतं, फयान २००९ च्या नोव्हेंबरात आलं होतं. वापरायच्या पाण्याची पिंपं मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंगीचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतलं तर अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून घासणं. झाकण घट्ट बसत नसेल तर वर कापड बांधा.

राहिली टाकी. वापरायच्या पाण्यासाठी हजार लिटरची टाकी जरूर घ्या, पण ती छपराच्या उंचीला नेऊन ठेवण्याआधी खालचा चौथरा आणि बांधणी कोणाकडून तरी तपासून घ्या, कारण भरल्यावर ती एक टन होते आणि रिकामी असेल तर वादळात उडते. वादळाचा इशारा आला की ती काठोकाठ भरून ठेवा. पिण्याचे कॅन मात्र वेगळेच ठेवा, टाकीतलं पाणी प्यायला धरू नका.

आईंना क्लोरीनचा वास आवडणार नाही, आमच्याकडेही म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. अर्धा तास झाल्यावर पाणी एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात चार-पाच वेळा ओता आणि थोडा वेळ जाळी झाकून ठेवा, वास बराच जातो. फक्त प्यायला घेतलेल्या तांब्याचंच असं करा, कॅनमधल्या पाण्याचं नाही.